चोर्ला घाट चढण्याआधी लॉगबुक बघायचं

बेळगावात राहून स्कुबा डायव्हिंग शिकता येतं का, हे मला आता सोसायटीच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, कुठंही विचारतात. येतं की. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात: पैसे किती गेले, भीती वाटत नाही का, मासे चावतात का. लॉगबुकाबद्दल, म्हणजे प्रत्येक डाइव्हची (पाण्याखालच्या एकेका फेरीची) नोंद ठेवायच्या वहीबद्दल, आजवर एकानंही विचारलेलं नाही. मला विचाराल तर कोर्सपेक्षा त्या वहीचाच उपयोग जास्त झाला, म्हणून सगळं क्रमानं आणि खर्चासकट लिहिते. फॉर्मात वयाचा मुद्दा येतो, तेव्हा तेही सांगते. सुरुवात केली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

भाचा पुण्यात असतो. त्यानं ऑगस्ट 2023 मध्ये फोन करून, "मावशी, डिसेंबरात मुरुडेश्वरला ओपन वॉटर कोर्स करूलोय, तू पण चल की," म्हणून सांगितलं. ओपन वॉटर म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स. मी हो म्हटलं आणि आठवड्याभरात त्याच्याकडून मेडिकल फॉर्म आला. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. सगळ्यांची उत्तरं 'नाही' असतील तर डॉक्टरकडे जायची गरज नाही, सही करून मोकळं. पंचेचाळीसच्या वर वय असलं की दुसऱ्या पानावरचे जादा प्रश्न लागतात: सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात कुणाला हृदयविकार. आणि दहावा प्रश्न रोजच्या औषधाचा. मला बीपीची गोळी चालू आहे, म्हणजे डॉक्टरची सही आलीच.

आमचे डॉक्टर फॉर्म उलटसुलट करत म्हणाले, "हे काय, आरटीओचं फिटनेस?" मग बसून नीट वाचलं, ईसीजी काढला, ट्रेडमिलवर पळवलं, छातीचा एक्स-रे घेतला. अडीच हजारांच्या आसपास खर्च आला आणि रिपोर्ट हातात यायला दीड आठवडा लागला. एक गोष्ट आधीच विचारून घ्या. बऱ्याच सेंटरना डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही, फॉर्मच्या तिसऱ्या पानावरच खूण, सही आणि शिक्का लागतो. आमच्या सेंटरनं तसं कळवलं होतं म्हणून दुसरा हेलपाटा वाचला. ही सही एक वर्षच चालते. तारीख कुठंतरी लिहून ठेवा. मी ती लॉगबुकाच्या आतल्या कव्हरवर लिहिली, आणि दीड वर्षानं तीच कामाला आली.

पोहण्याची अट वाटते तेवढी कडक नाही. 200 मीटर न थांबता पोहायचं, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. मी खानापूरकडची, लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली. हात मारायचं ठाऊक होतं, दम मात्र राहिला नव्हता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑफिस सुटल्यावर गोवावेसच्या तलावावर जात राहिले. थिअरी ऑनलाइन आणि इंग्रजीत. परीक्षेत 75 टक्के लागतात, रोज रात्री तासभर दिला तर होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

कोर्सच्या किटमध्ये छापील लॉगबुक नव्हतं. ॲपमध्ये नोंद करा म्हणाले. मी खडेबाजारातून पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि झिपच्या प्लास्टिक पिशवीत घातली. सोसायटीत वीस वर्षं रोजकीर्द लिहितेय, कागदावर जमा-खर्च दिसल्याशिवाय मला झोप येत नाही. भाच्यानं हसून घेतलं.

डिसेंबरात हुबळी-अंकोला करत बसनं मुरुडेश्वर गाठलं. कोर्सचे तीस हजारांच्या आतबाहेर गेले, लॉज आणि जेवण वेगळं. आधी तलावातले धडे: मास्कमध्ये पाणी घेऊन बाहेर काढणं, तोंडातून रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा ओढायचं तोंडातलं साधन) निसटला तर शोधणं, हवा संपल्याची खूण करून जोडीदाराची हवा घेणं. मग समुद्रातल्या चार डाइव्ह. नेत्राणी बेट किनाऱ्यापासून 19 किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघालेली बोट दीडेक तासानं पोचते. उलटी होणाऱ्यांनी निघायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी मासे खातात, असं बोटीवरचा पोरगा म्हणाला. तो मला 'अक्का' म्हणायचा आणि माझ्या मोडक्या कन्नडला हळू आवाजात दुरुस्त करायचा.

समुद्रातली पहिली डाइव्ह कशी झाली हे मला आठवणीनं सांगता येणार नाही. इतकं एकदम अंगावर येतं की मासे, आवाज, भीती सगळ्याचा काला होतो. पोपटमासे पाहिले एवढं पक्कं. बाकी जे सांगू शकते ते वहीतलं. बोटीवर टॉवेल गुंडाळून, हात थरथरत असताना लिहिलेलं पान असं आहे:

"नेत्राणी. पाण्यात 9.35, बाहेर 10.03. 28 मि. जास्तीत जास्त खोली 12 मी., सरासरी 9. हवा 200 ते 60. सूट 5 मिमी, वजन 6 किलो, तरी वर तरंगत होते, शेवटी 1 किलो खिशात घातलं. पाणी 27 अंश, 12-15 मी. दिसत होतं. उजवा कान 4 मीटरला अडला, वर येऊन पुन्हा. 5 मी. वर 3 मि. थांबलो."

यातलं वजन म्हणजे बुडता यावं म्हणून अंगावर घ्यायचं शिसं, हवेचे आकडे सिलिंडरमधल्या दाबाचे, बार या मापात, आणि शेवटचं थांबणं वर येतानाचं, खबरदारीचं. खाली इन्स्ट्रक्टरची सही, त्याचा नंबर आणि सेंटरचा शिक्का. सही त्याच दिवशी घ्या. पावसाळ्यात ही सेंटरं बंद असतात, इन्स्ट्रक्टर अंदमानला नाहीतर परदेशात कामाला जातात, आणि जूनमध्ये फोन लावून सही मागता येत नाही. स्थळ, वेळ आणि आकडे इंग्रजीतही लिहा, कारण वही उद्या कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. शेरा मात्र मराठीतच बरा. पटकन लिहिता येतं आणि खरं लिहिलं जातं.

सिलिंडरच्या आकड्यांची गंमत संध्याकाळी लॉजवर कळली. आम्ही वापरलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर साधारण 11 लिटरचे. 140 बार खर्च झाले म्हणजे 1540 लिटर हवा. 28 मिनिटांनी भागलं तर मिनिटाला 55. पण 9 मीटरवर दाब जमिनीच्या 1.9 पट, तेवढ्यानं पुन्हा भागलं की 29 उरतात. म्हणजे जमिनीवरच्या हिशेबानं मी मिनिटाला 29 लिटर ओढत होते. भाच्याचे 21 निघाले. तो म्हणाला, "मावशी, तुझ्यामुळं सगळ्यांना लवकर वर यावं लागतंय." खोटं नव्हतं. एकाची हवा कमी झाली की जोडी वर येते. मी त्या दिवसापासून शेवटच्या रकान्यात हा आकडा काढायला लागले. तो कमी करण्यासाठी काही वेगळं शिकावं लागलं नाही. जादा वजन नेलं की तरंगण्यासाठीच्या जॅकेटात जादा हवा भरावी लागते, अंग उभं राहतं, पाय जास्त मारावे लागतात, दम लागतो. वजनाचा रकाना आणि हवेचा रकाना शेजारी शेजारी ठेवले की हे आपोआप दिसतं. चौथ्या डाइव्हला सूट तोच, वजन 6 किलोच, श्वास पूर्ण सोडून खाली गेले, खिशात काही लागलं नाही.

कार्ड मिळालं. ओपन वॉटरवाल्याला 18 मीटरपर्यंत जाता येतं. कार्डावर नाव, फोटो आणि तारीख असते. तुम्ही त्यानंतर पाण्यात गेलात की नाही हे कार्ड सांगत नाही.

घाटाची गोष्ट फेब्रुवारी 2024 ची. गोव्यात रविवारच्या डाइव्ह ठरल्या. सोसायटीतल्या दोघी आणि एकीचे यजमान नुसतेच फिरायला बरोबर होते, गाडी त्यांची. बेत असा की सकाळी मी पाण्यात जाणार, दुपारी सगळे मासे जेवणार, चार वाजता निघून साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी करत रात्री घरी. बेळगावची माणसं गोव्याहून अशीच येतात, यात नवीन काही नाही.

पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे, आणि वाटेतलं कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, ते 792 मीटरवर, म्हणजे 2,600 फूट. पाण्याखाली दाबामुळं अंगात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे सावकाश बाहेर पडतो, त्याला तास लागतात. तो पुरता निघायच्या आत आपण हवेचा दाब कमी असलेल्या उंचीवर गेलो तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात: सांधे दुखणं, मुंग्या येणं, त्याहून वाईटही. म्हणून डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन या संस्थेची शिफारस विमानाच्या केबिनमधला दाब 2,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या हवेएवढा असेल तेव्हासाठी आहे: एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर किमान 18 तास. आकडे विमानासाठी लिहिलेले आहेत, पण 2,600 फूट म्हणजे 2,600 फूट, तिथं पंखानं जा नाहीतर चाकानं. मुंबई-मालवणच्या डायव्हरला घरी जाताना याचा विचार करावा लागत नाही. आम्हाला लागतो, आणि आमच्याकडं तो कुणी सांगत नाही.

त्या दिवशीच्या सेंटरवर तर वेळा लिहायचीही पद्धत नव्हती. सही मागितली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "व्हिडिओ दिलाय ना मॅडम, वही कशाला?" घाटाचं विचारलं तर, "सगळे जातात, काही होत नाही." सगळे जातात हे खरं. बहुतेकांना काही होत नाही, हेही खरं असेल. पण तेवढ्यावर माझ्या सांध्यांचा जुगार खेळायला मी तयार नव्हते. घड्याळ माझ्या हातात होतं. दुसरी डाइव्ह संपून डोकं पाण्याबाहेर आलं 12.40 ला. दोन डाइव्ह, म्हणजे अधिक 18 तास, सकाळचे 6.40.

गाडीत बराच वेळ चर्चा चालली. "तुला काय होऊलंय? काही दुखूलंय का?" "नाही." "मग?" शेवटी त्यांनी मला साखळीला माझ्या नणंदेकडं सोडलं आणि पुढं गेले. साखळी घाटाच्या खाली आहे, उंचीचा प्रश्न नाही. नणंदेला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, राहायचं असलं तर तसं सांगा ना, नायट्रोजन कशाला मध्ये आणता?" रात्री तिसऱ्याचं सुकं आणि भात झाला. सकाळी सातला निघून साडेनऊ-पावणेदहाला बेळगावात होते, अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती ती वापरावीही लागली नाही. वहीत तेव्हापासून एक जादा रकाना आहे: "घाट किती वाजता". डाइव्ह संपली की पहिल्यांदा तो भरते. मराठवाड्यातल्या, पुण्यातल्या, कोल्हापूरच्या माणसांनीही आपल्या घराची आणि वाटेतल्या घाटाची उंची एकदा बघून ठेवावी. शंका असेल तर त्या दिवशीच्या खोल्या आणि वेळा दाखवून इन्स्ट्रक्टरला विचारावं. विचारायला वहीच लागते, "बरीच खोल गेले होते" यावरून कुणाला काही सांगता येत नाही.

गोव्याहून आल्यावर उजवा कान चार दिवस भरल्यासारखा होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले: कधीपासून, किती खोल, दर वेळी होतं का. मी वही पुढं केली. त्यांनी चष्मा वर करून पानं उलटली, शेऱ्याच्या रकान्यावरून बोट खाली नेत नेत दोन ठिकाणी थांबले. दोन्ही ठिकाणी 'सर्दी होऊन गेली' असं मीच लिहिलं होतं, आणि कान अडल्याची खोली दोन्हीकडं 3-4 मीटर. ज्या डाइव्हना दोर धरून, पाय खाली ठेवून सावकाश उतरले होते तिथं कानाबद्दल काही नव्हतं. पाण्याचा पहिला 10 मीटरचा टप्पाच कानाला सगळ्यात जड, कारण तेवढ्यातच दाब एकाचा दोन होतो. पडदा शाबूत होता. सर्दीनंतर किती दिवस थांबायचं ते त्यांनी सांगितलं आणि सांगितलेलं वहीतच लिहायला लावलं. फी पाचशे.

मग एक वर्ष काहीच नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, सोसायटीचं ऑडिट, भाच्याचं लग्न. मार्च 2025 मध्ये अंदमानला जायचं ठरलं, ॲडव्हान्स्ड कोर्ससाठी. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूरु, तिथून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), तिथून फेरीनं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. निघण्याआधी आतल्या कव्हरवरची मेडिकलची तारीख बघितली. वर्ष उलटून गेलं होतं. पुन्हा ईसीजी, पुन्हा सही. हे हॅवलॉकला पोचल्यावर कळलं असतं तर तिथं सही करणारा डॉक्टर शोधत बसावं लागलं असतं.

तिथल्या सेंटरवर कार्ड बघितलं आणि लगेच विचारलं: शेवटची डाइव्ह कधी? फेब्रुवारी 2024 म्हटल्यावर, आधी उजळणी, मग कोर्स. बरोबरच होतं. पण उजळणी कुठून सुरू करायची हे सेंटरवरच्या मुलीनं वही वाचून ठरवलं. माझ्यापुढं एक गृहस्थ होते, आपण "पंधरा-वीस" डाइव्ह केल्या म्हणाले, कुठल्या खोलीला, कुठल्या सूटमध्ये, वजन किती, काही सांगता येईना. त्यांना पहिल्यापासून तलावात नेलं. मला उथळ पाण्यात मास्क, रेग्युलेटर आणि तरंगण्याची परीक्षा घेऊन त्याच सकाळी समुद्रात नेलं. वजनाचंही तसंच. 5 मिमी सूटला 6 किलो हे वहीत होतं. इथं सूट 3 मिमी, त्यामुळं 4 किलोनं सुरू केलं आणि ते तसंच राहिलं. पाण्यात पहिली दहा मिनिटं शिसं काढण्या-घालण्यात गेली नाहीत. हवेचा आकडा उजळणीला 24 वर गेला, कोर्सच्या शेवटाला 19 वर आला: 200 ते 60, 40 मिनिटं, सरासरी 10 मीटर.

ॲडव्हान्स्डला पाच डाइव्ह असतात, त्यात खोल डाइव्ह आणि दिशाशोधन सक्तीचं. खोल डाइव्हला 30 मीटरपर्यंत जाता येतं. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात, नायट्रोजनचा विचार करून, 18 मीटरला जास्तीत जास्त 56 मिनिटं मिळतात, 30 मीटरला फक्त 20. 30 मीटरला हवाही जमिनीवरच्या चौपट वेगानं संपते. म्हणून आदल्या रात्री मी माझ्याच आकड्यांवरून हिशेब करून बघितला, किती बार उरले की वळायचं. इन्स्ट्रक्टरनं सांगितलेला आकडा माझ्यापेक्षा 10 बारनं सावध होता. त्याचा घेतला.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. शेवटची डाइव्ह 10.50 ला संपली, 24 तासांहून जास्त झाले. मधल्या संध्याकाळी वही पूर्ण केली, सगळ्या सह्या घेतल्या आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून भाच्याला पाठवला. वही हरवू शकते, फोन पाण्यात पडू शकतो, दोन्ही एकदम नाही. ज्यांना डाइव्हमास्टर, म्हणजे इतरांना पाण्यात नेणारे व्यावसायिक डायव्हर, व्हायचं आहे त्यांनी तर सह्यांकडं डोळ्यांत तेल घालून बघावं. पॅडीत त्या कोर्सला सुरुवात करायलाच 40 नोंदवलेल्या डाइव्ह लागतात आणि पुरा करायला 60. माझा तसा काही विचार नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका खातेदारांची मुलगी, चंदगडची, येत्या ऑक्टोबरात तारकर्लीला कोर्स करतेय. तिला माझ्या आखलेल्या पानाचे झेरॉक्स दिले. घाटाचा रकाना बघून म्हणाली, "काकू, मी तर आंबोलीवरून येणार, चोर्ल्यावरून नाही." आंबोली 690 मीटरवर आहे, म्हणजे तीही 2,000 फुटांच्या वरच. शेवटची डाइव्ह शनिवारी सकाळी ठेव आणि रविवारी दुपारी सावंतवाडीहून निघ, म्हणून सांगितलं. तिनं तिकीट तसं बदललंय.